स्वयंपाकघरातल्या नळाची धार बारीक – नळ बदलू की पंप बसवू?

फोडणीचा भात

मंडळी, मदत हवी आहे. पुण्यात राहते, सात मजली इमारत, आमचा तिसरा मजला. गेल्या महिन्यापासून सिंकच्या नळाला पाणी इतकं बारीक येतंय की पातेलं खाली ठेवावं आणि भाजी चिरून यावं. बाथरूम, बेसिन, वॉशिंग मशीनचा नळ, सगळीकडे झकास धार. फक्त सिंकलाच रड.

गंमत म्हणजे नळ उघडला की क्षणभर जोरात फस्सकन येतं आणि लगेच करंगळीएवढं होतं. पहाटे डबे करताना जरा बरं असतं. आठ वाजले की संपलं.

एक प्लंबर आला, काहीही न उघडता "स्पिंडल (नळ उघड-बंद करणारा आतला दांडा) गेलंय, नळ बदला" म्हणाला. दुसरा म्हणतो प्रेशर पंप बसवा, साडेआठ हजार. नळ काही जुना नाही, उंच मानेचा, गोल फिरणारा आहे. नवरा म्हणतो पंप बसवून टाकू. मला पटत नाहीये. काय करू?

नाकासमोर

जाळी. ९९ टक्के जाळी. नळाच्या तोंडाशी फिरकीची जाळी असते (एरेटर म्हणतात), ती काढा, ब्रशने घासा, लावा. पाच मिनिटांचं काम. हा चर्चेचा धागा बंद करायला हरकत नाही.

शिळी भाकरी

रुमाल टाकून (पुढचं वाचायला जागा धरून) ठेवते. आमच्याकडेही हेच रडगाणं आहे.

मोरीवाली

वरच्या-खालच्या मजल्यावाल्यांना विचारलंत का?

नाशिकचा चिवडा

नाकासमोर यांच्याशी सहमत, पण नुसतं घासून भागत नाही. आमच्याकडे बोअरचं पाणी. जाळीवर पांढरा थर असा बसतो की ब्रशचे केस झडतात. भांड्यांवर, गीझरच्या कॉइलवर बसतो तोच हा क्षार. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. बोअरवाल्या सोसायट्यांनी एकदा तपासून बघावं, डोळे पांढरे होतील.

उपाय: वाटीभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूफूल (खमणात घालतो तेच), त्यात जाळी तासभर बुडवून ठेवायची. बुडबुडे येतात, थर सुटतो. व्हिनेगरनेही होतं, पण घरभर चायनीजच्या गाडीचा वास.

सरळमार्गी

एवढं कशाला? बाथरूमचं अ‍ॅसिड टाका, मिनिटात साफ.

नाशिकचा चिवडा

@सरळमार्गी, कृपा करून नको! त्या अ‍ॅसिडने क्रोमचा मुलामा जातो आणि खालचं पितळ उघडं पडतं. शिवाय हा पिण्याच्या पाण्याचा नळ आहे.

टेक्सासची ताई

इकडचा एक मुद्दा. अमेरिकेत १९९४ पासून नव्या नळांना मिनिटाला २.२ गॅलनची मर्यादा आहे, म्हणजे साधारण ८.३ लिटर. ती मोजतात ६० पीएसआय (चौरस इंचाला ६० पौंड) दाबाला. आमच्या घराला नळयोजनेचं पाणी थेट त्या दाबाने येतं, त्यामुळे कमी पाण्यातही फेसाळ, भरलेली धार लागते. पण दरवर्षी कोणी ना कोणी इथून "छान नळ" बॅगेत घालून भारतात नेतं आणि तिथे गच्चीवरच्या टाकीच्या दाबावर तो रडतो. तुमचा नळ कुणी पाहुण्याने आणलेला नाही ना?

फोडणीचा भात

नाही हो ताई, आमचा अस्सल बाजीराव रोडवरचा.

कारवारकर

मी सध्या बेंगळुरूत. इथे मार्च २०२४ मध्ये पाणीटंचाईत जलमंडळाने मॉल, हॉटेलं, अपार्टमेंट अशा ठिकाणी एरेटर बसवणं सक्तीचं केलं होतं. आमच्या इमारतीत रातोरात सगळ्या सामायिक नळांना बसले. तुम्ही धार वाढवायला जाळी काढताय, आम्हाला धार कमी करायला लावायला सांगत होते. काळाचा महिमा.

गच्चीवरचा

जाळीबिळी विसरा. सोसायटीला सांगा गच्चीवर मोठी टाकी बसवा. आमच्याकडे दहा हजार लिटरची बसवल्यापासून प्रेशर दणक्यात.

अर्धा इंची

@गच्चीवरचा, टाकीत पाणी किती आहे यावर दाब ठरत नाही, पाण्याची पातळी नळाच्या किती वर आहे यावर ठरतो. हौद रुंद केला म्हणून खालच्या नळाला एक कणही जास्त दाब मिळत नाही. तुमच्याकडे नवी टाकी बहुधा उंच ओट्यावर बसली असेल किंवा त्याच वेळी पाइप बदलले असतील.

आता फोडणीचा भात ताईंच्या प्रश्नाकडे. मी बांधकामाच्या साइटवर उभं आयुष्य काढलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक किलो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला एक किलो. तुम्ही सातपैकी तिसऱ्यावर. तुमच्या नळापासून टाकीच्या पाण्यापर्यंत चौदा-पंधरा मीटर धरा. म्हणजे तुम्हाला दीड किलोच्या आसपास दाब हक्काचा आहे. स्वयंपाकघराच्या नळाला तो भरपूर झाला. तेव्हा पंपाचा विषय सध्या बाजूला ठेवा. दाब आहे, पाणी वाटेत कुठेतरी अडतंय.

तुमच्या लिहिण्यातलं एक वाक्य कुणी उचललेलं दिसत नाही: पहिला क्षण जोरात, मग बारीक. नळ बंद असताना पाणी स्थिर असतं. वाटेत कितीही बारीक भोक असो, हळूहळू दोन्हीकडचा दाब सारखा होतो. नळ उघडला की भोकाच्या नळाकडच्या बाजूला साठलेला दाब निघून जातो आणि मग त्या भोकातून जेवढं पाणी येईल तेवढंच मिळतं. नळाच्या तोंडाची जाळी अडली असती तर धार पहिल्या क्षणापासून बारीक असती किंवा चारी बाजूंनी फवारे उडाले असते. माझा अंदाज, अडथळा नळाच्या मागे आहे. किती मागे ते बघायला हवं.

कसं बघायचं: आधी जाळी काढून एक लिटरची बाटली किती सेकंदांत भरते ते मोबाइलवर मोजा. मग सिंकखाली जा. भिंतीतून अँगल कॉक आलेला असतो, त्याला लवचिक जोडपाइप. कॉक बंद करा, पाइपचं नळाकडचं टोक सोडा, बादलीत धरा, कॉक पूर्ण उघडा. इथे धार जोरदार असेल तर दोष नळात, कार्ट्रिजमध्ये (नळातला पाणी उघड-बंद करणारा भाग) कचरा. इथेही बारीक असेल तर जोडपाइप काढून नुसत्या कॉकखाली बादली धरून मोजा. त्यालाही तसंच असेल तर नळ निर्दोष, नवा आणलात तरी तोच तमाशा.

एक काळजी घ्या. कॉककडचा नट सोडताना दोन पान्हे लागतात. एकाने कॉक घट्ट धरायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा. नाहीतर नटाबरोबर कॉकही फिरतो, भिंतीतलं निप्पल (कॉक ज्यावर बसतो तो छोटा पाइप) हलतं आणि आठवड्याने शेजारच्या खोलीत ओल दिसते. हे माझ्यासमोर इतक्यांदा झालंय की आता मी पान्हा हातात घेतलेला माणूस दिसला की आधी दुसरा पान्हा विचारतो.

दुपारची झोप

अर्धा इंची काकांचे प्रतिसाद म्हणजे फुकटचा डिप्लोमा. वाखूसा (वाचनखूण साठवली).

शिळी भाकरी

काका, आम्ही सर्वात वरच्या मजल्यावर आहोत. आमचं काय?

अर्धा इंची

@शिळी भाकरी, तुमची गोष्ट वेगळी. टाकीचा तळ तुमच्या नळाच्या वर जेमतेम दोन-तीन मीटर, म्हणजे दाब पाव किलो. एका दांडीचे जे मिक्सर (गरम-गार पाणी एकत्र देणारे नळ) हल्ली दुकानात मांडलेले असतात, त्यांतल्या बऱ्याच मॉडेलना अर्धा ते एक किलो दाब लागतो. तुम्ही साधा, मोठ्या भोकाचा नळ घ्या किंवा खरोखर पंप लावा. पण पंप गच्चीवरच्या टाकीनंतरच्या लाइनवर, सोसायटीला विचारून. महापालिकेच्या लाइनला थेट मोटर लावून ओढणं बेकायदा आहे. शिवाय पाइपात ओढ निर्माण झाली की फुटक्या सांध्यातून गटाराचं पाणीही आत येऊ शकतं.

ओसरी

अवांतर: आमच्या कोकणातल्या घरी प्रेशर म्हणजे आजीच्या हातातलं प्रेशर. रहाटाचा दोर जितक्या जोरात ओढाल तितकं पाणी. जाळी नाही, कार्ट्रिज नाही, एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) नाही.

सरळमार्गी

@ओसरी, आणि कळशी विहिरीत पडली की गळ टाकून काढायचं सर्व्हिसिंग.

मोरीवाली

परत विचारते. वरच्या-खालच्यांना विचारलंत का?

पाटपाणी

माझं मत वेगळं. ताई, महिनाभरात तुमच्याकडे टाकी धुतली का? टाकी रिकामी झाली की पाइपात हवा शिरते. गच्चीवर पाइप आडवा जाताना मध्ये उंचवटा असेल तर हवा तिथेच बसून राहते आणि पाणी अडतं. एअर लॉक. म्हणूनच टाकीतून उतरणाऱ्या प्रत्येक पाइपाला वर उघड्या तोंडाचा एक हवेचा पाइप ठेवतात. काही अतिहुशार मंडळी त्यातून पाणी उडतं म्हणून त्याला बूच मारतात.

फोडणीचा भात

आज रविवार सत्कारणी लावला. निकाल:

जाळी काढली. आत वाळूचे कण आणि पांढऱ्या पापुद्र्यांचा चुरा निघाला, पण फार नाही. लिंबूफुलात ठेवून चकचकीत केली.

लिटरची बाटली: जाळीसकट ४५ सेकंद, जाळीशिवाय ४० सेकंद. बाथरूमच्या नळाला ६ सेकंद!

मग सिंकखाली. नवऱ्याने एक पान्हा, शेजारच्या आजोबांकडून आणलेला दुसरा पान्हा मी. जोडपाइप सोडून बादलीत: ३८ सेकंद. नुसत्या कॉकखालीही तेवढंच. म्हणजे नळ बिचारा निर्दोष. पंपवाला आणि स्पिंडलवाला दोघेही बाद.

@पाटपाणी, हो, गेल्या महिन्यात टाक्या धुतल्या. तारीख आठवत नाही, पण त्यानंतरच सुरू झालं असावं.

पाटपाणी

बघा! एअर लॉक. शंभर टक्के.

नाकासमोर

मी ९९ म्हटलं होतं, तुम्ही १००. कोण चढ कोण उतार.

अर्धा इंची

पाटपाणी यांचा मुद्दा वजनदार आहे. टाकी धुणं हा धागा बरोबर पकडला. पण एअर लॉक असता तर पाणी कधी येतं कधी नाही, गुडगुड आवाज, मध्येच थुंकल्यासारखं, असं काहीतरी दिसलं असतं. ताईंकडे पाणी सलग आहे, फक्त कमी आहे. आणि पहाटे बरं, आठनंतर वाईट. ही वेळेची गोष्ट फार बोलकी आहे. घरातल्या घरात अडथळा असता तर पहाटे चार आणि सकाळी नऊ यात फरक कशाला पडेल? फरक पडतो याचा अर्थ ते बारीक भोक तुम्ही एकट्या वापरत नाही. आठ वाजता आणखी पाच-सहा घरं त्याच भोकातून पाणी ओढतायत.

मोरीवाली ताईंचा प्रश्न दोनदा वाचून मी पुढे गेलो, आता तोच महत्त्वाचा ठरतोय. पुण्यात बऱ्याच इमारतींत टाकीतून स्वयंपाकघर, बाथरूम आणि संडास यांचे उतरते पाइप वेगळे असतात. तुमच्या सिंकच्या बरोबर वर आणि बरोबर खाली जी सिंकं आहेत ती तुमच्याच पाइपावर. जरा जिना चढा-उतरा.

मोरीवाली

आहे हो, आहे मी इथेच. 🙂

फोडणीचा भात

आत्ताच जाऊन आले. हसू की रडू कळत नाही.

पाचव्या मजल्यावरच्या काकू: "अगं हो! आम्हाला वाटलं आमची जाळी." चौथ्यावर भाडेकरू मुलं राहतात, ती स्वयंपाकच करत नाहीत, त्यांना पत्ता नाही. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी गेल्या आठवड्यात नवा नळ बसवला, त्यांना तोच प्लंबर भेटला होता. "नवा नळ सेट व्हायला वेळ लागतो" असं त्यांना सांगून गेलाय. सहाव्यावाल्यांनी पंपाचा ॲडव्हान्स दिलाय.

अख्खा उभा रांगेतला संसार महिनाभर आपापल्या घरात जाळ्या घासत बसला होता.

दुपारची झोप

नळ सेट व्हायला वेळ लागतो 😂 लग्नासारखं.

अर्धा इंची

सहाव्यावाल्यांना आधी थांबवा. पंप बसला तर तेच अडलेलं पाणी ते एकटे ओढून घेतील आणि तुमच्याकडे उरलीसुरली धारही जाईल.

आता गच्चीवर. टाकीतून निघणाऱ्या प्रत्येक पाइपावर पाणी बंद-चालू करायचा एक वॉल (व्हॉल्व्ह) असतो. दांडीचा असेल तर तो बॉल व्हॉल्व्ह, दांडी पाइपाच्या रेषेत म्हणजे पूर्ण उघडा, आडवी म्हणजे बंद. कुणी अर्धवट ठेवला असेल तर डोळ्यांनी दिसेल. चाकाचा असेल तर तो गेट व्हॉल्व्ह, आणि तिथे माझा संशय दाट आहे. टाकी धुताना वॉल बंद करतात, नंतर उघडतात. वर्षानुवर्षं न फिरवलेलं चाक जोर लावून फिरवलं की आतला पितळी दरवाजा दांड्यापासून निसटतो. बाहेर चाक उघडल्यासारखं फिरतं, आत दरवाजा जिथे अडकला तिथेच. चाक फिरवून बघा. नीट असेल तर शेवटाला जाऊन घट्ट थांबतं. शेवट येतच नसेल, नुसतं गोल गोल फिरत असेल, तर सापडलं.

सरळमार्गी

पण गच्चीची किल्ली मिळणार का? हा खरा प्रश्न आहे. आमच्याकडे सेक्रेटरींची लेखी परवानगी लागते.

शिळी भाकरी

आमच्याकडे वॉचमनकडे असते, आणि वॉचमन कुठे असतो हे कुणालाच ठाऊक नसतं.

गच्चीवरचा

मी गच्चीबद्दलच बोललो होतो हे लक्षात असू द्या.

फोडणीचा भात

किल्ली मिळाली. सेक्रेटरी, पाचव्या मजल्यावरचे काका, नवरा आणि मी असं शिष्टमंडळ गेलं. स्वयंपाकघराच्या पाइपावर चाकाचा वॉल. काकांनी फिरवला तर नुसता फिरतोय, फिरतोय, थांबायचं नाव नाही. शेजारच्या बाथरूमच्या लाइनचा वॉल फिरवून पाहिला तर तो दोन वेढ्यांत घट्ट थांबला. फरक हाताला लगेच कळतो.

सेक्रेटरींनी सोसायटीच्या नेहमीच्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी लाइन बंद करून वॉल कापून काढला. आतला पितळी दरवाजा त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. हिरवट पडलेला, पाचरीच्या आकाराचा, आणि वरची जी खाच दांड्यात अडकते ती झिजून गुळगुळीत. वॉलच्या बसकेत क्षाराचे खडे, चण्याच्या डाळीएवढे. पाणी जायला वाट उरली होती ती चंद्रकोरीसारखी, खालच्या बाजूने. एवढ्यावर महिनाभर सात स्वयंपाकघरं चालली!

जागेवर दांडीचा बॉल व्हॉल्व्ह टाकला. दोन्ही बाजूंना युनियन (सोडता-जोडता येणारे सांधे) लावले, म्हणजे पुढच्या वेळी कापाकापी नको. हवेच्या पाइपाचं तोंड मोकळं आहे ना तेही बघितलं. @पाटपाणी, होतं मोकळं.

लिटरची बाटली: ७ सेकंद.

पाटपाणी

हवा नव्हती हे मान्य. टाकी धुण्याचं श्रेय मात्र सोडणार नाही.

नाकासमोर

जाळीत कचरा होता हेही नोंदवून घ्या.

मोरीवाली

आणि माझा प्रश्न पहिल्या पानावर होता.

कारवारकर

मोरीवाली ताईंना एक पितळी दरवाजा भेट द्या.

घडीचा डबा

खर्च कुणी केला? आमच्याकडे असं काही झालं की "तुमच्या लाइनवाल्यांनी वर्गणी काढा" म्हणतात.

अर्धा इंची

महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत (बायलॉजमध्ये) बाहेरच्या पाण्याच्या लाइनी, पंप आणि साठवण टाक्या यांची दुरुस्ती सोसायटीने आपल्या खर्चाने करायची असं स्पष्ट आहे. गच्चीवरचा वॉल त्यातच आला. वर्गणी कसली? घरातला नळ, कॉक, जोडपाइप हे सभासदाचं. आणखी एक, पाण्याचा खर्च उपविधींप्रमाणे प्रत्येक सदनिकेतल्या नळजोडांची संख्या आणि आकार यांवर लावायचा असतो. अनेक सोसायट्या सरसकट सारखा लावतात, तो वेगळा वाद.

सरळमार्गी

नळ मोजून पैसे? सासऱ्यांनी हौसेने घरात अकरा नळ लावलेत. ही माहिती आमच्या सेक्रेटरींपर्यंत जाऊ देऊ नका.

फोडणीचा भात

@घडीचा डबा, सोसायटीनेच केला, वाद न होता. सगळे चाकाचे वॉल टप्प्याटप्प्याने बदलायचं कमिटीने ठरवलंय. तोवर टाकी धुवायला येणाऱ्यांनी वॉल उघडल्यावर प्रत्येक लाइनवरच्या एका घरात धार तपासून मगच जायचं, असंही ठरलं.

आणि दुसऱ्या मजल्यावरच्यांचा नवा नळ आता असा उसळतोय की ओटा भिजतो. त्यांनी जाळी काढून टाकली होती, ती शोधतायत.

शिळी भाकरी

धाग्याचं काम झालंय तर माझंही विचारून घेते. आमच्याकडे गार पाणी वरच्या मजल्याच्या मानाने ठीक, पण सिंकला गरम पाणी फार बारीक येतं. हेही गच्चीवरच शोधायचं का?

अर्धा इंची

नाही, तुमचं घरातच आहे. गार चांगलं आणि गरम बारीक म्हणजे अडथळा गीझर आणि नळ यांच्या दरम्यान किंवा गीझरच्या तोंडाशी. गीझरला पाणी जिथून आत जातं तिथे उलटं पाणी न सोडणारा वॉल असतो, त्यात क्षार साठतात. आधी सिंकखालचा गरम पाण्याचा अँगल कॉक पूर्ण उघडा आहे ना बघा. असेल तर गीझरची वीज मेन स्विचवरून बंद करा, पाणी गार होऊ द्या आणि मगच मिस्त्रीकडून तो वॉल उघडून घ्या. मिस्त्री येईल तेव्हा दोन पान्हे आहेत का विचारा.